तीन दिवसांचा भिक्षू

जपानी भाषेत 'मिक्का बोझु' असा एक मोठा मजेदार शब्दप्रयोग आहे. 'मिक्का' म्हणजे तीन दिवस आणि 'बोझु' म्हणजे मठातला भिक्षू. हौसेने डोके भादरून मठात जायचे, आणि पहाटेचे उठणे व झाडलोट सोसेना म्हणून तिसऱ्या दिवशी घरचा रस्ता धरायचा, अशा माणसाला हे नाव. गोष्ट व्यायामाची असो, रोजनिशी लिहिण्याची असो की परभाषा शिकण्याची. चार दिवसांत उत्साह ओसरला की जपानी माणूस हसून म्हणतो, 'मिक्का बोझु!' आपण याला 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतो. आपल्या म्हणीने निदान नऊ दिवस तरी दिले आहेत. जपानी लोकांनी तिनावरच भागवले आहे.

या शब्दाची आठवण होण्याचे कारण असे, की खुद्द जपानी शिकणाऱ्यांतच असे भिक्षू पुष्कळ भेटतात. पुण्यासारख्या शहरात जपानीच्या वर्गांना तोटा नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये वर्ग आहेत, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात आहेत, शिवाय खासगी वर्ग वेगळेच. कोणी नोकरीसाठी नाव घालतो, कोणी जपानी चित्रकथांच्या नादाने, तर कोणी मुलगा तिकडे स्थायिक झाला म्हणून. पहिल्या महिन्यात बसायला जागा नसते. पुढे पुढे बाके रिकामी होत जातात. सोडून गेलेल्यांना विचारा, "का हो, का सोडलंत?" तर ठरलेले उत्तर येते, "आमच्याच्यानं नेम टिकत नाही."

मला आज वाचकांपुढे एवढेच मांडायचे आहे, की नेम टिकणे हा आपण समजतो तितका स्वभावाचा प्रश्न नाही. तो बराचसा मोजण्याच्या पद्धतीचा प्रश्न आहे. आपण काय मोजतो, कोणत्या टप्प्यावर थांबून समाधान मानतो, आणि एखाद्या दिवशी खाडा पडला तर मागच्या हिशेबाचे काय करतो, यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आधी एक गैरसमज दूर करू. जपानी भाषा मराठी माणसाला वाटते तितकी परकी नाही. 'वाताशी वा मिझु ओ नोमिमासु' हे वाक्य पाहा. 'वाताशी' म्हणजे मी, 'मिझु' म्हणजे पाणी, 'नोमिमासु' म्हणजे पितो. मधला 'वा' बोलण्याचा विषय दाखवतो आणि 'ओ' कर्म दाखवतो. म्हणजे शब्दाला शब्द ठेवला तरी 'मी पाणी पितो' हेच वाक्य तयार होते. क्रियापद शेवटी, आणि संबंध दाखवणारे शब्द नामाच्या नंतर. इंग्रज माणसाला इथे सगळे वाक्य उलटे करून घ्यावे लागते, आपल्याला ती कसरत नाही. याहून गंमत पुढेच आहे. 'ताबेते' म्हणजे 'खाऊन' आणि 'मिरु' म्हणजे 'पाहणे'. दोन्ही जोडून 'ताबेते मिरु' म्हटले की अर्थ होतो, 'खाऊन पाहणे', अगदी आपल्याच अर्थाने! वाक्याच्या शेवटी ते लोक 'ने' लावतात, तो तर आपला 'ना'च समजा.

लिपीचेही तसेच. हिरागाना आणि काताकाना अशा दोन अक्षरमाला आहेत, प्रत्येकी ४६ मूळ अक्षरांच्या. त्यांचा क्रम असा: अ, इ, उ, ए, ओ, मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. हा क्रम ओळखीचा वाटतो ना? जपानमधील बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी 'सिद्धम्' नावाची भारतीय लिपी अभ्यासत, आणि त्या अभ्यासातून ही मांडणी तिकडे रुजली. मधला 'हा' कुठून आला असे वाटेल. तर त्याचा जुना उच्चार 'पा'च्या जवळचा होता, म्हणून तो 'मा'च्या आधी बसला आहे. तात्पर्य, पहिले पाऊल आपल्याला जड नाही.

मग माणूस अडतो कुठे? तो अडतो कांजीपाशी. कांजी म्हणजे चीनमधून आलेली चित्राक्षरे. नित्याच्या वापरासाठी म्हणून जपान सरकारने २०१० साली जी यादी ठरवली, तीत २,१३६ कांजी आहेत. बहुतेकांना दोन-तीन उच्चार. 'निचियोबी' म्हणजे रविवार. या एका शब्दात एकच कांजी दोनदा येते, आरंभी तिचा उच्चार 'निची' आणि शेवटी 'बी'. विद्यार्थ्याने वही मिटून कपाळाला हात लावावा, अशीच ही जागा आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा आपल्या इंग्रजी बोलणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जपानीला ८८ आठवडे आणि वर्गातले २,२०० तास धरते, ते उगीच नव्हे.

पण हाच डोंगर जपानी मुले कशी चढतात, ते पाहण्यासारखे आहे. २०२० सालापासून लागू झालेल्या अभ्यासक्रमात प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत १,०२६ कांजी आहेत. पहिल्या वर्षी ८०, दुसऱ्या वर्षी १६०, तिसऱ्या वर्षी २००, चौथ्या वर्षी २०२, पाचव्या वर्षी १९३ आणि सहाव्या वर्षी १९१. ज्या मुलाच्या कानावर जन्मापासून हीच भाषा पडली, त्यालासुद्धा पहिल्या वर्षी फक्त ८०! आणि आपण मोठी माणसे महिन्याभरात दोनशे कांजींची वही भरतो, आणि दुसऱ्या महिन्यात ती माळ्यावर टाकतो.

आता साधे त्रैराशिक मांडू. रोज दोन कांजी धरल्या, तर २,१३६ कांजींना १,०६८ दिवस लागतात, म्हणजे जवळजवळ तीन वर्षे. जपानीत एक म्हण आहे, 'इशी नो उए नी मो सान्नेन.' दगडावरसुद्धा तीन वर्षे, असा तिचा अर्थ. गार दगडावरही तीन वर्षे बसून राहिले, तर तो ऊबदार होतो. आपल्या त्रैराशिकाचे उत्तर आणि म्हणीतली मुदत जुळली हा योगायोग. पण लक्षात ठेवण्याजोगा. एका टोकाला तीन दिवसांचा भिक्षू, दुसऱ्या टोकाला तीन वर्षांचा दगड. मधले अंतर कापायचे कसे, एवढाच प्रश्न.

या अंतरात पहिली अडचण विसरण्याची. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून आपल्याच स्मृतीची मोजदाद केली, आणि ती १८८५ साली प्रसिद्ध केली. एकदा पाठ झालेली यादी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाठ करताना, पहिल्या श्रमांपैकी सुमारे एकतृतीयांशच वाचतात, असे त्याला दिसले. पण त्याला आणखीही एक गोष्ट आढळली. एकाच बैठकीत ६८ वेळा घोकून जो परिणाम साधला, तोच तीन दिवसांत विभागून अवघ्या ३८ आवृत्त्यांत साधला. म्हणून रविवारी साडेतीन तास ठाण मांडून बसणारा आणि रोज अर्धा तास बसणारा, यांचे तास सारखे भरले तरी पदरात पडणारे माप सारखे नसते. रोजचा अर्धा तास वरचढ ठरतो.

अर्धा तासही कशाला, पाव तासाने काय होते याचे उदाहरण जपानी आकाशवाणीनेच घालून दिले आहे. युद्ध संपून राष्ट्र मोडून पडले होते, अन्नाची टंचाई होती, आणि रस्त्यावर इंग्रजी बोलणारे सैनिक होते. अशा वेळी, १९४६ च्या फेब्रुवारीत, एनएचके या जपानी नभोवाणीवर हिराकावा तादाइची यांनी इंग्रजी संभाषणाचे पाठ सुरू केले. एका बालगीताच्या चालीवर त्यांचे सुरुवातीचे गाणे असे. आठवड्यातले पाच दिवस, संध्याकाळी, फक्त १५ मिनिटे. हा कार्यक्रम घराघरांत ऐकला गेला. पाठ लहान होता, वेळ ठरलेली होती आणि उद्या पुन्हा तीच वेळ येणार होती. परभाषा शिकणाऱ्याला याहून वेगळे वेळापत्रक नको. चहाच्या कपाबरोबर म्हणा, लोकलच्या प्रवासात म्हणा, एक ठरलेली जागा आणि एक ठरलेली घटका धरावी.

दुसरी अडचण खाड्याची, आणि माझ्या मते खरी मेख इथेच आहे. आज पुष्कळ जण मोबाईलवरून भाषा शिकतात. त्या पाठांत सलग किती दिवस अभ्यास केला याचा आकडा रोज दाखवला जातो. आकडा वाढत जातो तोवर मौज वाटते. पण एक दिवस चुकला, की बहुतेक ठिकाणी तो शून्यावर येतो. शंभर दिवस शिकलेले काही डोक्यातून पुसले गेले नाही. आकडा मात्र पुसला गेला. आणि माणूस आकड्याकडे पाहून निराश होतो.

माझ्या परिचयाच्या एका ग्रंथपाल बाईंची हकीगत सांगतो. त्यांचा मुलगा जपानात नोकरीला, सून जपानी. नातू चार वर्षांचा, त्याला मराठीचे दोन-चार शब्द येतात. बाई म्हणाल्या, "आजीनं नातवाशी हातवारे करून किती दिवस बोलायचं?" म्हणून वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी जपानी धरली. मोबाईलवरचा आकडा ११२ दिवसांपर्यंत गेला. मग यजमानांना चार दिवस रुग्णालयात ठेवावे लागले, आणि आकडा शून्य. बाईंनी तीन महिने त्या विषयाला हात लावला नाही. म्हणाल्या, "पुन्हा एकपासून? नको बाई." वास्तविक त्यांना दोन्ही अक्षरमाला येत होत्या आणि शंभरावर शब्द येत होते. एका शून्याने ते सगळे झाकून टाकले.

याच्या उलट जपानातलीच एक जुनी रीत पाहा. १९२८ सालच्या नोव्हेंबरात जपानी नभोवाणीवर 'राजिओ ताइसो', म्हणजे नभोवाणीवरचा व्यायाम, सुरू झाला. युद्धानंतर मध्यंतरी खंड पडला, पण १९५१ साली तो नव्याने सुरू झाला आणि आजही पहाटे साडेसहाला ऐकू येतो. उन्हाळ्याच्या सुटीत गल्लीतली मुले मैदानात जमतात आणि नभोवाणीच्या पियानोवर हातपाय हलवतात. प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने एक कार्ड अडकवलेले असते. व्यायाम संपला की कोणीतरी वडीलधारे माणूस त्या दिवसाच्या चौकोनात शिक्का मारते. सुटी संपताना शिक्के पाहून पेन्सिल, वही, खाऊ असे काहीतरी मिळते.

आता या कार्डात आणि त्या आकड्यात फरक काय? एखाद्या दिवशी मूल गेले नाही तर एक चौकोन कोरा राहतो. बस्स, एवढेच. आधीचे शिक्के कोणी खोडून टाकत नाही. दुसऱ्या दिवशी मूल पुन्हा जाते, कारण पुढचा चौकोन वाट पाहत असतो. आकडा खंड मोजतो, कार्ड हजेरी मोजते. शिकणाऱ्याने हजेरी मोजावी.

याला संशोधनाचाही आधार आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांचा एक अभ्यास २०१० साली छापला गेला. ९६ माणसांनी एकेक नवी सवय लावून घेण्याचा प्रयत्न केला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतात, असे दिसले. पण माणसामाणसांत फरक फार, १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. आणि एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याला म्हणण्यासारखी बाधा येत नाही, हेही आढळले. तेव्हा खाडा पडला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट अभ्यासाचा दंड भरू नये, आणि पहिल्या धड्यापासून पुन्हा आरंभ तर मुळीच करू नये. जिथे खूण घातली होती तिथूनच उघडावे.

आता टप्प्यांचा विचार. तीन वर्षांनी मिळणाऱ्या फळाच्या आशेवर आजची संध्याकाळ निघत नाही. म्हणून टप्पे जवळजवळ असावेत, आणि टप्पा गाठला की तो साजरा करावा. साजरा करणे म्हणजे खर्च करणे नव्हे. जे आले ते लगेच वापरून पाहणे, हाच खरा उत्सव. काही टप्पे सुचवतो.

पहिला टप्पा हिरागानाच्या ४६ अक्षरांचा. तो पुरा झाला की घरातल्या डब्यांवर जपानी नावांच्या चिठ्ठ्या डकवाव्यात: 'शिओ' म्हणजे मीठ, 'कोमे' म्हणजे तांदूळ. घरचे हसतील, हसू द्यावे. दुसरा टप्पा काताकानाचा. ही अक्षरे मुख्यतः परदेशी शब्दांसाठी. त्यांत एक शब्द भेटेल 'पान'. हा विड्याचा पान नव्हे बरे का. पान म्हणजे पाव. पोर्तुगीज लोकांचा 'पाँव' जपानात जाऊन 'पान' झाला आणि आपल्याकडे 'पाव' झाला. काताकाना संपेल त्या दिवशी घरात पावभाजी करायला याहून चांगले निमित्त कोणते?

तिसरा टप्पा अवघ्या सात कांजींचा. सूर्य, चंद्र, अग्नी, जल, काष्ठ, धातू आणि माती. रोज एक याप्रमाणे आठवड्यात होतात. याच सात कांजी जपानी दिनदर्शिकेत वारांच्या डोक्यावर छापलेल्या असतात. सूर्याचा रविवार, चंद्राचा सोमवार. मंगळाला त्यांच्याकडे अग्नीचा तारा म्हणतात, म्हणून मंगळवार अग्नीचा. तसाच बुधवार जलाचा, गुरुवार काष्ठाचा, शुक्रवार धातूचा आणि शनिवार मातीचा. वारांचे ग्रह आपलेच. आठव्या दिवशी भिंतीवर जपानी दिनदर्शिका लावावी आणि ती वाचावी. सात दिवसांच्या श्रमाने एका परक्या देशाची भिंतीवरची दिनदर्शिका वाचता आली, हे काय थोडे झाले?

चौथा टप्पा पहिलीच्या ८० कांजींचा. त्यांत एका झाडाचे चिन्ह आहे. दोन झाडे जोडली की राई, तीन जोडली की अरण्य. ८० झाल्या की मुलांचे एक चित्रपुस्तक घ्यावे आणि घरात मोठ्याने वाचावे.

कार्डे वापरायची असतील तर जर्मन लेखक सेबास्टियान लाइटनर याने १९७२ साली सांगितलेली युक्ती सोपी आहे. खोक्याचे कप्पे करावेत. कार्ड बरोबर ओळखले की पुढच्या कप्प्यात, चुकले की पहिल्यात. पुढच्या कप्प्यांची उजळणी अधिकाधिक दिवसांनी करायची. शेवटच्या कप्प्यात साठत जाणारी कार्डे हीच आपली कमाई. ती डोळ्यांना दिसते आणि हाताला लागते.

परीक्षांविषयी एक शब्द. १९८४ साली सुरू झालेली जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा २०१० पासून पाच पातळ्यांत घेतली जाते. 'एन पाच' सर्वांत सोपी, 'एन एक' सर्वांत अवघड. परीक्षा द्यावी, अवश्य द्यावी. तारीख ठरली की अभ्यासाला धार येते. पण तिला एकमेव टप्पा मानू नये. ती वाचन, श्रवण, शब्द आणि व्याकरण तपासते. बोलणे आणि हाताने लिहिणे तपासत नाही. उत्तीर्ण होऊनही जपानी पाहुण्यासमोर जीभ अडखळणारी माणसे आहेत, आणि अनुत्तीर्ण होऊनही नीट गप्पा मारणारी आहेत. तेव्हा स्वतःचे टप्पे वेगळे ठेवावेत: तीन मिनिटे न थांबता बोललो, एक पत्र लिहिले, बातमीचे एक वाक्य शब्दकोशाविना उमगले. विशेषतः पहिली दोन-तीन वर्षे सरली की मधल्या पठारावर प्रगती दिसेनाशी होते. तिथे असे छोटे टप्पेच माणसाला पुढे नेतात.

त्या ग्रंथपाल बाईंनी पुढे मोबाईलवरचा आकडा पाहणे सोडले. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर अभ्यासाच्या दिवशी लाल टिंब द्यायचे, एवढेच ठेवले. कोऱ्या तारखाही त्यांत आहेत. एकादशीच्या आहेत, पाहुण्यांच्या आहेत. त्या वर्षीच्या दिवाळीत त्यांनी नातवाला बेसनाचे लाडू पाठवले. दूरध्वनीच्या पडद्यावर पोरगा लाडवाकडे संशयाने पाहत होता. बाई म्हणाल्या, "ताबेते मिते." खाऊन बघ! पोराने आधी आजीकडे पाहिले, मग लाडवाकडे, आणि एक घास घेतला. तोंडात लाडू असतानाच म्हणाला, "ओइशिई!" म्हणजे छान आहे. त्या तारखेला बाईंनी लाल टिंबाभोवती आणखी एक वर्तुळ काढले. कुठल्या परीक्षेने हा गुण दिला असता?

जपानात 'दारुमा' नावाची एक गोल बाहुली मिळते. गुन्मा प्रांतातील ताकासाकी हे गाव तिच्यासाठी प्रसिद्ध. ही बाहुली म्हणजे आपल्या देशातून चीनला गेलेला बोधिधर्म. 'धर्म' या शब्दाचेच 'दारुमा' झाले. नऊ वर्षे भिंतीकडे तोंड करून तो ध्यानाला बसला अशी कथा आहे. बाहुली विकत आणतात तेव्हा तिचे दोन्ही डोळे कोरे असतात. संकल्प करताना एक डोळा रंगवायचा आणि तो पुरा झाला की दुसरा. मग तिला देवळात नेऊन निरोप देतात, आणि नव्या संकल्पासाठी कोऱ्या डोळ्यांची नवी बाहुली घरी येते.

या रीतीत शिकणाऱ्याने घेण्यासारखे दोन धडे आहेत. संकल्प डोळ्यांसमोर दिसेल असा ठेवावा, आणि तो वर्षात, महिन्यात पुरा होईल एवढाच असावा. 'मला जपानी आली पाहिजे' या संकल्पाचा दुसरा डोळा कधी रंगवणार? 'या आठवड्यात सात वार वाचता आले पाहिजेत' याचा डोळा येत्या रविवारी रंगवता येतो. तेव्हा वाचकहो, शिकायचे मनात असेल तर आजच एक कागद भिंतीला लावा, त्यावर तारखांचे चौकोन आखा, आणि पहिल्या चौकोनात खूण करण्याइतका, म्हणजे पंधरा मिनिटांचा, अभ्यास करा. चौथ्या दिवशी पुन्हा बसलात, की तीन दिवसांच्या भिक्षूची सोबत सुटली असे समजा.